मी बनवलेल्या वेब फॉर्ममध्ये १२.७५ टाकलं की ब्राउझर नाही म्हणतो, १२ मात्र घेतो. असं का?

भाऊ, ब्राउझर बरोबर आहे, स्टेप, म्हणजे किती-कितीच्या टप्प्यानं आकडे चालतील ते सांगणारी सेटिंग, चुकली आहे. इनपुटचा, म्हणजे भरायच्या रकान्याचा, टाइप नंबर असेल आणि स्टेप लिहिलीच नसेल, तर ती १ धरली जाते. म्हणून तो ‘१२ किंवा १३ टाका’ असं सुचवतो. दोन दशांश स्थळं हवीत तर स्टेप ०.०१ द्या; कितीही चालत असतील तर ‘एनी’ लिहा. मिनही, म्हणजे चालणारा सर्वांत लहान आकडाही, तपासा. मोजणी मिनपासून सुरू होते, त्यामुळे मिन ०.५ आणि स्टेप १ असेल तर ०.५, १.५, २.५ असेच आकडे चालतात.

मला खरा त्रास झाला तो वेगळ्याच जागी. नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका आडत्याला संत्र्याच्या वजनाचा फॉर्म करून दिला होता. दिवाणजी मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे टाकायचे आणि कोडच्या हाती रिकामी व्हॅल्यू यायची. शेवटी टाइप टेक्स्ट केला, इनपुटमोड डेसिमल ठेवला (म्हणजे मोबाइलवर आकड्यांचाच कीबोर्ड उघडतो) आणि देवनागरी आकडे आधी इंग्रजी करून मगच तपासले. माणसानं आपल्या लिपीत वजन लिहिलं तर ती त्याची चूक कशी?

स्वल्पविराम आला तर थेट नकार द्या. मजकुराचा आकडा करणारं जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट ‘१२,७५’ इंग्रजी आकड्यांत आलं तरी गुपचूप १२ करतं, पाऊण किलो गायब!

सर्व्हरवरही हीच तपासणी करा. डेटाबेसमध्ये वजन फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) नको, डेसिमल (नेमका साठवणारा) ठेवा.