उघडपणे लेस्बियन असलेली वॅल मॅकडर्मिड क्राइम कादंबऱ्यांत एवढी मोठी कशी झाली? मराठीत कुणाला हे जमेल का?

ती चांगली लिहिते, आणि सुरुवातीलाच तिला असा प्रकाशक भेटला ज्याला नायिकेच्या घरात कोण राहतं याच्या नसत्या चौकशा नव्हत्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच संपतं. पण तुमच्या विचारण्याचा रोख असा दिसतो की लेस्बियन असणं ही तिच्या वाटेतली धोंड होती आणि ती बाजूला सारल्यावर बाई पुढे गेली. हे मी याआधीही ऐकलंय, आणि ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यांच्याशी माझा हिशेब अजून बाकी आहे.

आधी बाईंविषयी थोडं. जन्म 1955 चा, स्कॉटलंडमधल्या फाइफ भागातल्या कर्कॉल्डीचा. कोळशाच्या खाणी आणि लिनोलियमचे कारखाने, असा तो सगळा कामगारांचा मुलूख. आजी-आजोबांच्या घरी बायबल सोडून एकच पुस्तक होतं, तेही अगाथा ख्रिस्तीचं. सुट्टीत तेच परत परत वाचायचं. लायब्ररीतली मोठ्यांची पुस्तकं मुलांना मिळत नसत, तेव्हा ही पोरगी ‘आई आजारी आहे, तिच्यासाठी नेतेय’ असं ठोकून आईच्या कार्डावर रहस्यकथा उचलायची. सतराव्या वर्षी ती ऑक्सफर्डच्या सेंट हिल्डाज कॉलेजात गेली, स्कॉटलंडमधल्या सरकारी शाळेतून तिथे पोचलेली पहिलीच. मग बरीच वर्षं पत्रकारिता, शेवटी मँचेस्टरला एका रविवारच्या टॅब्लॉइडची उत्तर विभागाची प्रमुख.

1987 मध्ये ‘द विमेन्स प्रेस’ने तिची पहिली कादंबरी काढली, ‘रिपोर्ट फॉर मर्डर’. नायिका लिंडसे गॉर्डन: पत्रकार, डावी, स्त्रीवादी, लेस्बियन. मुलींच्या बोर्डिंग शाळेत एका सेलोवादक बाईचा सेलोच्याच तारेने गळा आवळला जातो आणि लिंडसे खुनी शोधते. मध्येच प्रेमात पडते, भांडते, परत कामाला लागते. तिचं लेस्बियन असणं पुस्तकातलं रहस्य नाही, शिक्षा नाही, शेवटी फोडलेला फटाकाही नाही. पुढच्याच वर्षी थॅचर सरकारने कलम 28 आणलं आणि ब्रिटनमधल्या स्थानिक संस्थांना समलैंगिकतेला ‘प्रोत्साहन’ द्यायला बंदी घातली. ते कलम स्कॉटलंडमध्ये 2000 साली गेलं, इंग्लंड-वेल्समध्ये 2003 साली. तेव्हा ‘तिकडे काय, सगळं मोकळंच’ हे मला कुणी सांगू नये.

आता माझं. मी जिल्हा न्यायालयात स्टेनो होते. खटल्याच्या कागदांतले पंचनामे वाचून वाचून एक कळतं: पोलीस घरातली चीजवस्तू ओळीने लिहून काढतात आणि त्यातल्या निम्म्या वस्तूंकडे बघत नाहीत. त्यावर मी एका दिवाळी अंकासाठी रहस्यकथा लिहिली. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 तेव्हा अजून शाबूत होतं. कथेतली नायिका निवृत्त स्टेनो, शुभदा नावाच्या नर्सबरोबर राहणारी. बँकेत काम करणाऱ्या एका बाईचा खून होतो. संशय तिच्या रूममेटवर जातो, कारण जबाब देताना ती अडखळते. पंचनाम्यात दुसऱ्या खोलीतल्या कॉटबद्दल एवढंच लिहिलेलं असतं की चादरीवर इस्त्रीच्या घड्या आहेत आणि उशीचा अभ्रा कोरा आहे. माझी नायिका तिथे अडते. रोज डोक्याला तेल लावणाऱ्या बाईच्या अभ्र्यावर डाग नाही, म्हणजे त्या कॉटवर कुणी झोपतच नाही. ती कॉट पाहुण्यांना दाखवण्यापुरती आहे. नायिकेला हे चटकन कळतं, कारण तिच्याही घरात तशी एक कॉट आहे. आमच्या नाशिकच्या घरातही होती. माझी आई येणार म्हटलं की मी आणि माझी जोडीदार तिच्यावरची चादर मुद्दाम चुरगळून ठेवायचो, उशीला जरा तेलाचा हात लावायचो. कथेतल्या दोघींचं तेवढं राहून गेलं होतं. तेव्हा रूममेट खोटं बोलतेय ते खुनापायी नाही, दुसऱ्याच भीतीने. आणि ती भीती ज्याला ठाऊक आहे तो मयताचा भाऊ त्याच गोष्टीवरून बहिणीकडून पैसे उकळतोय.

अंक हातात आला तेव्हा शुभदा नायिकेची विधवा वहिनी झाली होती! रूममेटची मावसबहीण केली होती. मला फोन नाही, प्रूफ नाही. आता वहिनीबरोबर राहणाऱ्या बाईला त्या चादरीवरून काय डोंबल कळणार? हा पेच संपादकांनाही पडला असावा, कारण त्यांनी पदरचं वाक्य घातलं होतं: ‘तिच्या स्त्रीसुलभ अंतःप्रेरणेने तिला सत्य उमगले.’ आणि भाऊ पैसे कशावरून उकळत होता? त्याचा छापील कथेत पत्ताच नाही. खून मात्र जागच्या जागी.

मी फोन केला. ‘ताई, आपला अंक घराघरांत जातो, आजी-नातवंडं वाचतात.’ चाकूचे वार मी तपशीलवार लिहिले होते, त्यातला एकही नातवंडांसाठी कमी केलेला नव्हता. मग कायद्याचं कारण पुढे आलं. आणि तेही पुरेना तेव्हा, गृहस्थांचं वाचन होतं हे मान्य करते, ते म्हणाले, ‘तुमची ती मॅकडर्मिडसुद्धा लेस्बियन नायिका सोडल्यावरच मोठी झाली ना?’

त्यावर तेव्हा मी चडफडत फोन ठेवला. उत्तर आज देते, तारखांसकट. 1992 मध्ये तिने मँचेस्टरची केट ब्रॅनिगन आणली. ही नायिका लेस्बियन नाही, पण तिची जिवलग मैत्रीण लेस्बियन आहे, आणि तिला कुणी मावसबहीण केलं नाही. 1995 मध्ये मानसशास्त्रज्ञ टोनी हिल आणि पोलीस अधिकारी कॅरल जॉर्डन या जोडीचं पहिलं पुस्तक आलं, ‘द मर्मेड्स सिंगिंग’. त्याला क्राइम रायटर्स असोसिएशनचा गोल्ड डॅगर पुरस्कार मिळाला आणि पुढे त्या जोडीवर टीव्ही मालिका निघाली. खप आणि पैसा या जोडीने दिला, हे खरंच आहे. पण गोल्ड डॅगर खिशात आल्यावर, 1996 साली, बाईंनी कुठलं पुस्तक काढलं? लिंडसे गॉर्डनचं. 2003 मध्ये पुन्हा एक, तेही लिंडसेचंच. 2010 मध्ये एकूण कारकिर्दीसाठी डायमंड डॅगर मिळाला. 2021 मध्ये ‘1979’ नावाची कादंबरी आली, तिची नायिका ग्लासगोच्या वर्तमानपत्रातली तरुण बातमीदार, जिला स्वतःचा कल हळूहळू उमगत जातो. सोडलं म्हणतात ते कुठे सोडलं?

बाई हट्टी आहे हे फुटबॉलवाल्यांनाही माहीत आहे. वडील कर्कॉल्डीच्या रेथ रोव्हर्ससाठी खेळाडू हेरायचे, ही स्वतः त्या क्लबची प्रायोजक होती. 2022 मध्ये क्लबने दिवाणी कोर्टाने बलात्कारी ठरवलेला खेळाडू घेतला, तेव्हा हिने जन्माचा क्लब सोडला. महिला संघही तिच्या मागोमाग बाहेर पडला आणि त्यांनी तिचंच नाव लावलं.

मराठीत जमेल का? लिहायला जमेल, त्यात काय. अर्नाळकरांपासून आपल्याकडे रहस्यकथेला वाचकांचा तुटवडा कधी नव्हता, आणि नायकाला बायको आहे म्हणून कुणी अंक परत केल्याचं मी ऐकलेलं नाही. एक मात्र लक्षात ठेवा: नायिकेचं लेस्बियन असणं कथेतून काढलं आणि तरी रहस्य तसंच सुटत असेल, तर संपादक ते काढणारच. ते धाग्यासारखं आत विणा, म्हणजे काढणाऱ्याच्या हातात कथा उसवून येईल.

हो, आणि माझी तुलना थोडी लंगडी आहे. तिकडे ग्रंथालयातून पुस्तक गेलं की लेखकाला पैसे मिळतात. इंग्लंडमधल्या हॅरोगेटला 2003 पासून क्राइम लेखनाचा महोत्सव भरतो. तो उभारण्यात तिचा हात होता, आणि तिथे नव्या लेखकांना तिने वर्षानुवर्षं स्वतः निवडून मंचावर बसवलं. आपल्याकडे असं बोट धरणारं कुणी नाही. वाचायला सुरुवात लिंडसेपासून करा. टोनी हिलमधली हिंसा अंगावर येणारी आहे, रात्री एकट्याने वाचू नका.

दिवाळी अंकाला पाठवणार असाल तर ‘मजकुरात बदल करण्यापूर्वी विचारावे’ हे कथेच्या पहिल्याच पानावर लिहा आणि प्रूफ मागून घ्या. नाही म्हणाले तर कथा परत मागा. माझी मूळ कथा अजून माझ्याकडे आहे, वहिनीशिवायची. कुणी छापत असेल तर कळवा.