चुंबकत्व जाते तेव्हा इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांचे काय होते?

प्रश्न : मी सातपूरच्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंट विभागात काम करतो. लोखंड 770 अंश सेल्सिअसच्या वर तापले की चुंबक त्याला ओढत नाही. त्या वेळी आतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेची रचनाच बदलते, की फक्त त्यांच्या दिशा विस्कटतात?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही घडते, कोणते किती, हे मात्र पदार्थागणिक ठरते.

लोहचुंबकीय धातूत ‘वर’ आणि ‘खाली’ अशा दोन स्पिनच्या (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनाला छोट्या चुंबकासारखे करणारा त्याचा अंगभूत गुण) इलेक्ट्रॉनांचे ऊर्जापट्टे, म्हणजे त्यांना शक्य असलेल्या ऊर्जांचे पल्ले, एकमेकांपासून सरकलेले असतात. त्यामुळे एका स्पिनचे इलेक्ट्रॉन अधिक भरतात आणि दुसऱ्याचे कमी, आणि या फरकातूनच चुंबकत्व निर्माण होते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ एडमंड स्टोनर यांच्या सिद्धांताप्रमाणे धातू तापू लागला की हे अंतर कमी होत जाऊन क्यूरी तापमानाला, म्हणजे लोहचुंबकत्व नाहीसे होते त्या तापमानाला, शून्य व्हायला हवे. निकेलमध्ये ते सुमारे 0.3 इलेक्ट्रॉनव्होल्ट (इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजण्याचे एकक) असते आणि तापवताना खरोखरच आक्रसताना दिसते. लोखंडात मात्र ते 2 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आहे, तर 770 अंशांना उपलब्ध असलेली उष्णऊर्जा जेमतेम 0.09 इलेक्ट्रॉनव्होल्ट. एवढ्या उष्णतेने ते अंतर पुसले जाणे शक्य नाही. प्रत्येक अणूचे चुंबकत्व बऱ्याच अंशी टिकते आणि दिशा विस्कटतात. म्हणून लोखंडापुरता आपला दुसरा तर्क अधिक बरोबर आहे.

याउलट क्रोमियम पाहावे. त्याचे चुंबकीय अवस्थांतर 38 अंशांना, म्हणजे नाशिकच्या एप्रिल-मेमधील दुपारच्या तापमानाला होते. त्याखाली शुद्ध क्रोमियममध्ये स्पिनची एक लाट स्थिरावते, आणि फर्मी पृष्ठाचे (भरलेल्या व रिकाम्या इलेक्ट्रॉन-अवस्थांमधील सीमेचे) जे दोन भाग आकाराने एकमेकांशी जुळतात, तेवढ्यांवर ऊर्जेची फट पडते. वीज वाहून नेणारे काही इलेक्ट्रॉन त्यात बाद होतात. एरवी धातू थंड होताना त्याचा रोध घटतो. येथे मात्र 38 अंशांखाली तो काही काळ किंचित वाढतो. ऊर्जारचना बदलल्याची इतकी साधी खूण क्वचितच मिळते, आणि ती साध्या रोधमापनातही सापडते, हे मला फार मोलाचे वाटते.

अलीकडे ज्यांना चुंबकीय क्वांटम पदार्थ म्हणतात (ज्यांचे गुण इलेक्ट्रॉनांच्या क्वांटम वर्तनातून ठरतात), त्यांत बदल याहून खोल असतो. कोबाल्ट, कथील आणि गंधक यांच्या एका स्फटिकात उणे 96 अंशांच्या आसपास लोहचुंबकत्व येते, आणि दोन स्पिनचे पट्टे वेगळे झाल्यामुळेच काही पट्टे वाइल बिंदू नावाच्या ठिकाणी एकमेकांना छेदतात. चुंबकत्व गेले की हे बिंदूही नाहीसे होतात.

हे सारे प्रत्यक्ष पाहण्यासाठी स्फटिकावर अतिनील किंवा क्ष-किरण टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा व कोन मोजतात. आपल्याकडे इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर (वेगवान इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून तीव्र क्ष-किरण व अतिनील प्रकाश देणाऱ्या यंत्रावर) अशा प्रकाशविद्युत मापनाची सोय आहे. या पद्धतीत पृष्ठभागाजवळचे मोजके अणुथरच दिसतात आणि तेथील चुंबकत्व आतल्यापेक्षा वेगळ्या तापमानाला मावळू शकते, म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी तो रोध आणि न्यूट्रॉन प्रकीर्णनाच्या (न्यूट्रॉन पदार्थात शिरून कसे विखुरतात याच्या) मापनांशी ताडून पाहावा लागतो.