प्राध्यापकांच्या नावापुढची अक्षरं

प्रश्न : ताई, नमस्कार. मालवणात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. मुलीनं मुंबईत मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलं, मग दोन वर्षं तिथल्याच एका शाळेत नोकरी केली. आता अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती विद्यापीठात काउन्सेलिंगच्या मास्टर्सला तिचं नाव लागलंय. कर्जासाठी कट्टा गावातली कलमांची बाग तारण ठेवावी लागेल. तिच्याकडच्या माहितीपत्रकात प्राध्यापकांची ओळख दिली आहे, ती मी दोनदा वाचली. एक गृहस्थ पूर्वी सैन्यात धर्मगुरू होते, दोघं चर्चचे पास्टर, एक बाई आधी नर्स होत्या. कुणापुढे पीएच.डी., कुणापुढे साय.डी., कुणापुढे एम.डिव्ह. आमच्या घरात गणपती बसतो. मुलीला तिकडे समुपदेशन शिकवणार की बायबल, हेच मला कळेनासं झालंय. तिला विचारलं तर म्हणते, 'बाबा, तुम्ही उगाच काळजी करता.' तुम्हीच सांगा. – एक वडील, मालवण

उत्तर : भाऊ, काळजी उगाच नाही. बाग तारण ठेवायची तर शिकवणारी माणसं कोण आहेत हे बापानं बघायलाच हवं. आणि तुम्ही फीच्या तक्त्याआधी माणसांची ओळख वाचलीत, याचा मला खरोखर आनंद झाला. माझ्याकडे येणारे बहुतेक पालक इमारतीचे फोटो दाखवतात.

पहिल्यांदा भीतीबद्दल. मी वेंगुर्ल्याची. आमच्या गावात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टरांनी दवाखाना चालवला. त्यातल्याच एका डॉक्टरांचा मुलगा, रॉबर्ट गोहीन, १९१९ मध्ये वेंगुर्ल्यात जन्मला आणि पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, नंतर भारतात अमेरिकेचा राजदूत म्हणून आला. माझी आजी त्या दवाखान्यात बाळंत झाली आणि घरी येऊन तिनं सातेरीची ओटी भरली. मिशनच्या माणसाकडून औषध घेणं आणि आपला देव राखणं, हे आपल्याकडच्या बायकांनी कधीच साधलंय. तुमच्या मुलीलाही साधेल.

पण अमेरिकेतलं ख्रिस्ती विद्यापीठ आपल्याकडच्या मिशनच्या कॉलेजसारखं असेलच असं धरू नका. आपल्याकडे मिशनच्या कॉलेजात शिकवणारे जोशी, शेख, फर्नांडिस सगळेच असतात. तिकडच्या अनेक इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणाऱ्या प्रॉटेस्टंट विद्यापीठांत नोकरीवर घेतानाच प्राध्यापकांकडून श्रद्धेच्या निवेदनावर सही घेतात. काही ठिकाणी विद्यार्थ्यांनाही वागणुकीच्या करारावर सही करावी लागते. मुलीला तो कागद आधी मागवायला सांगा आणि तुम्ही दोघांनी बसून तो ओळ न् ओळ वाचा. त्यातलं एखादं वाक्य तिला मान्य नसेल, तर तो निर्णय मालवणात बसून घ्यायचा, तिकडे पोचल्यावर नाही.

आता यादी. एम.डिव्ह. म्हणजे मास्टर ऑफ डिव्हिनिटी, पाद्री होण्यासाठीचं साधारण तीन वर्षांचं शिक्षण. नुसती ही एकच पदवी असलेला माणूस समुपदेशनाचा मुख्य विषय शिकवत असेल, तर मी थांबेन. पण एम.डिव्ह.च्या जोडीला समुपदेशनातली डॉक्टरेट आणि राज्याचं लायसन्स असेल, तर तीच पदवी मला आवडेल. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाजवळ बसायची सवय त्या माणसाला आधीपासून असते. हा धंदाच मुळी त्या वाटेनं पुष्कळ चाललाय. क्लायंटचं निमूट, मनापासून ऐकायचं ही आज आम्ही सगळे वापरतो ती रीत ज्यांनी घालून दिली, ते कार्ल रॉजर्स आधी न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत, म्हणजे धर्मशास्त्राच्या विद्यालयात, दोन वर्षं शिकले आणि मग मानसशास्त्राकडे वळले. अँटन बॉयसेन नावाचे पाद्री स्वतः मनोरुग्ण म्हणून इस्पितळात राहिले होते. त्यांनी १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये नेऊन शिकवायला सुरुवात केली. तिकडच्या इस्पितळांतल्या धर्मगुरूंचं क्लिनिकल प्रशिक्षण तिथून वाढलं. त्याचं एक युनिट आज ४०० तासांचं असतं. तेव्हा सैन्यातल्या त्या गृहस्थांच्या ओळखीत असं प्रशिक्षण लिहिलंय का, ते बघा.

पीएच.डी. आणि साय.डी. हा वेगळा गुंता आहे, आणि तो सोडवला की अर्धी यादी कळते. साय.डी. ही मानसशास्त्रातली डॉक्टरेटच, फक्त भर संशोधनापेक्षा प्रत्यक्ष उपचारावर. ख्रिस्ती संस्थांमध्ये ती बरीच दिसते, कारण मानसशास्त्र आणि ख्रिस्ती विचार एकत्र शिकवणारी डॉक्टरेटची ठिकाणं मोजकी. कॅलिफोर्नियात फुलर सेमिनरीनं १९६५ मध्ये मानसशास्त्राचं स्कूल काढलं, बायोला विद्यापीठात रोझमीड नावाचं तसंच स्कूल आहे, इलिनॉयमध्ये व्हीटन कॉलेज आहे. ही नावं ओळखीत दिसली तर दचकू नका.

समुपदेशनाचे अभ्यासक्रम तपासणारी संस्था मात्र निराळी. तिचं नाव केकरेप (CACREP), ती १९८१ पासून आहे. तिच्या नियमाप्रमाणे मुख्य प्राध्यापकाची डॉक्टरेट 'काउन्सेलर एज्युकेशन' या विषयातलीच लागते. जुळत्या दुसऱ्या विषयातली डॉक्टरेट असेल तर १ जुलै २०१३ च्या आधी किमान एक पूर्ण वर्ष त्यानं अशा अभ्यासक्रमात पूर्णवेळ शिकवलेलं असायला हवं. म्हणून यादीत पिकल्या केसांचे साय.डी. आणि तरुण काउन्सेलर एज्युकेशनवाले असे दोन गट दिसतात. त्यात चांगलं-वाईट काही नाही, नियमाचा तो परिणाम आहे. पण तरुण साय.डी.च सगळीकडे दिसले आणि केकरेपचं नाव कुठेच नसेल, तर मुलीनं सरळ विचारावं : तुमची मान्यता कुणाची?

हे विचारायचं आणखी एक कारण आहे. ख्रिस्ती संस्थांमध्ये 'बिब्लिकल काउन्सेलिंग' नावाचाही एक अभ्यासक्रम असतो. १९७० च्या सुमारास जे अ‍ॅडम्स यांनी मांडलेल्या विचारातून तो वाढला. त्यात मानसशास्त्रावर नाही, बायबलवर भर असतो आणि तो चर्चमध्ये काम करणाऱ्यांसाठी असतो. राज्याचं लायसन्स त्यानं सहसा मिळत नाही. तुमच्या मुलीच्या प्रवेशपत्रावर 'क्लिनिकल मेंटल हेल्थ काउन्सेलिंग' हे शब्द असायला हवेत. भाऊ, हे एवढं एक आजच्या आज बघा. तुमचा 'समुपदेशन की बायबल' हा प्रश्न प्राध्यापकांच्या धर्मावरून सुटत नाही, या शब्दांवरून सुटतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. ते कुठल्याच पदवीत लिहिलेलं नसतं.

मी हे शिकले मुंबईत, चर्चनं चालवलेल्या एका संस्थेत, पंचवीसेक वर्षांपूर्वी. आम्हाला शिकवणाऱ्यांत एक होते ज्यांच्या नावापुढे अक्षरंच अक्षरं. थिअरी तोंडपाठ. पण वर्षानुवर्षं त्यांनी एकही केस पाहिलेली नव्हती. आमच्यातल्या एका मुलीची क्लायंट आत्महत्येचं बोलली, ती रडवेली होऊन त्यांच्याकडे गेली, तर त्यांनी तिला प्रकरण तिसरं वाचायला सांगितलं. त्या मुलीनं कोर्स सोडला. ते मला आजही सलतं.

दुसरे होते एक फादर. शिक्षण बेताचं, आधी कित्येक वर्षं इस्पितळात धर्मगुरू. ते माझे सुपरव्हायझर. तेव्हा आम्ही सेशन कॅसेटवर टेप करायचो, क्लायंटची सही घेऊन. परळला चाळीत राहणारी आचऱ्याची एक बाई माझ्याकडे यायची. नवरा गिरणीत, संपानंतर घरी बसला, पिऊन पिऊन गेला. चौथ्या सेशनला ती म्हणाली, 'बोलान काय होतला, बाय?' आणि गप्प झाली. मी घाईघाईनं म्हटलं, बोलल्यानं मन हलकं होतं, वगैरे. फादरनी कॅसेट तिथे थांबवली. मागे घेतली. परत लावली. पुन्हा मागे घेतली. तिच्या शब्दांनंतर माझा आवाज येईपर्यंत दोन सेकंदसुद्धा नव्हते. ते म्हणाले, 'ती गप्प बसली तेव्हा तुला काय झालं?' तिचं नाही, माझं विचारलं. मी तासभर त्या खोलीत बसून होते. माझे वडील गेल्यावर आमच्या घरात कुणी बोलायचं नाही, ती शांतता मला सोसत नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या सेशनला मी गप्प राहू शकले आणि ती बाई बोलली.

फादर पक्के कॅथलिक. मी त्यांच्याकडे दोन वर्षं होते. 'चर्चला ये' असं एकदाही म्हणाले नाहीत.

म्हणून मुलीला सांगा, प्राध्यापकांपैकी दोघा-तिघांना ईमेल कर. त्या पास्टरांना तर करच. विचार : तुम्ही सध्या क्लायंट बघता का? आमची सेशन्स कोण ऐकतं, आठवड्यातून किती वेळ? केकरेपच्या कार्यक्रमात प्रॅक्टिकमचे, म्हणजे देखरेखीखालच्या पहिल्या सरावाचे, १०० तास, त्यातले ४० प्रत्यक्ष क्लायंटसोबत. पुढे इंटर्नशिपचे ६००, त्यातले २४० प्रत्यक्ष. त्या काळात दर आठवड्याला सुपरव्हिजन असतंच, आणि पूर्णवेळ प्राध्यापकामागे बारापेक्षा जास्त विद्यार्थी असू नयेत असा दंडक आहे. आकडे सगळेच सांगतील. पण जो माणूस सुपरव्हिजनबद्दल चार ओळी आपणहून जास्त लिहील, त्याच्या हाताखाली मुलीला पाठवा. त्या नर्सबाई लिहितील असा माझा अंदाज आहे. वॉर्डात रात्रपाळी केलेल्या बाईला माणूस घाबरलेला कसा ओळखायचा हे शिकवावं लागत नाही.

आणि एक प्रश्न तिनं जरूर विचारावा : माझ्या श्रद्धेपेक्षा वेगळी श्रद्धा असलेला किंवा तुमच्या चर्चला न पटणारं आयुष्य जगणारा क्लायंट आला, तर मला काय शिकवाल? अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनच्या २०१४ च्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की समुपदेशकानं आपली मूल्यं क्लायंटवर लादू नयेत, आणि निव्वळ मूल्यं पटत नाहीत म्हणून क्लायंटला दुसरीकडे धाडू नये. चांगला ख्रिस्ती प्राध्यापक या प्रश्नावर रागावणार नाही. तो यावर आयुष्यभर विचार करत आलेला असतो.

परत येण्याचाही विचार करा. तिकडचं लायसन्स राज्यागणिक वेगळं, पदवीनंतर देखरेखीखाली बरंच काम आणि परीक्षा, मग मिळतं. इकडे आल्यावर त्या मास्टर्सच्या जोरावर तिला 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येणार नाही, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशक म्हणून काम करता येईल, आणि आपल्या जिल्ह्यात ते काम पुष्कळ पडून आहे. मी एकटी आठवड्याला वेंगुर्ला आणि सावंतवाडी करते, तरी माणसं परत पाठवावी लागतात.

प्रश्न : मी रत्नागिरीची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बेंगळुरूच्या एका ख्रिस्ती विद्यापीठात समुपदेशन मानसशास्त्राच्या एम.एस्सी.ला अर्ज करतेय. तिथले प्राध्यापक जवळजवळ सगळे नेट आणि पीएच.डी. आहेत, पास्टर वगैरे कुणी नाही. म्हणजे चांगलंच ना?

उत्तर : बाळ, नेट आणि पीएच.डी. हा विद्यापीठात शिकवायला लागणाऱ्या पात्रतेचा भाग आहे, यूजीसीचा. त्यात माणसासमोर बसल्याचा एकही तास मोजला जात नाही. त्यामुळे त्या अक्षरांवरून तुला एवढंच कळतं की त्यांना नेमणूक नियमाप्रमाणे मिळाली. त्यांच्यातले किती जण आठवड्यातून एक दिवस तरी केस बघतात, प्लेसमेंट कुठल्या इस्पितळात किंवा संस्थेत असते आणि तिथे तुझ्यावर लक्ष कोण ठेवतं, हे विचार. सध्या शिकणाऱ्या मुलींना विचारलंस तर जास्त खरं कळेल.

अर्ज करायच्या आधी आणखी एक कर. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, त्यातलं एक तुझ्या गावात. तुझ्या कॉलेजच्या बाईंकडून पत्र घेऊन अधीक्षकांना भेट, परवानगी मिळाली तर काही दिवस तिथल्या समाजसेवकांबरोबर बाहेरच्या बाकांवर बस. चिपळूण, राजापूर, कणकवलीहून माणूस घेऊन आलेले नातेवाईक एसटीच्या वेळेकडे डोळे लावून बसलेले असतात. त्यांच्याशी बोल. मग मला परत लिही.