पैसा कुणाचा, हिशेब कुणाला?

प्रश्न : भारताने अफगाणिस्तानात संसद, सलमा धरण, झरंज-देलाराम रस्ता बांधून दिला. अमेरिकेने तर पाण्यासारखा पैसा ओतला. तरी ऑगस्ट 2021 मध्ये सरकार बघता बघता कोसळले. मदतच चुकली का?
— एक निवृत्त सुभेदार, येळ्ळूर

उत्तर : सुभेदारसाहेब, धरण चुकले नाही. 42 मेगावॅट वीज आणि शेतीला पाणी, धरण आहे त्या हेरात प्रांताला हवेच होते. संसदेच्या इमारतीचे म्हणाल, तर बेळगावजवळ हलग्याची सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इमारत, अधिवेशन उठल्यावर कशी सामसूम असते, ते येळ्ळूरकरांना मी काय सांगावे!

मी जन्मभर सोसायट्यांची दप्तरे तपासली. त्या खोडीने आधी जमेची बाजू बघतो. जागतिक बँकेच्या हिशेबाने अफगाण सरकारी खर्चातला सुमारे 75 टक्के पैसा परदेशी अनुदानाचा. शिवाय कितीतरी रक्कम तिजोरीत न येताच ठेकेदारांकडे जाई. परदेशी कचेऱ्यांत पगार चढे, म्हणून हुशार इंजिनिअर नि हिशेबनीस मंत्रालय सोडून तिकडे. मग सरकार जाब देणार कुणाला? देणाऱ्याला, रयतेला कशाला? फौजेच्या हजेरीपटावर नुसती नावे आणि पगार वरच्यांच्या खिशात, हे अमेरिकेच्याच तपासनिसांनी वर्षानुवर्षे लिहून ठेवले. तुम्ही रोलकॉलला उभे राहिलेले, फोड करून सांगायला नको. आपल्या त्या रस्त्याच्या टोकाचे झरंज 6 ऑगस्टला तालिबानच्या हाती पडले, सगळ्या प्रांतिक राजधान्यांत पहिले, तेही जवळजवळ लढाईविना.

एक योजना मात्र मला पसंत पडली : अफगाणिस्तानातला 2003 चा राष्ट्रीय एकता कार्यक्रम. गावाने गुप्त मतदानाने समिती निवडायची, काम गावानेच ठरवायचे, कुटुंबामागे 200 डॉलर, गावाला जास्तीत जास्त 60,000. दहा टक्के वाटा गावाचा, रोख नसेल तर अंगमेहनतीने. माझा जीव त्या दहा टक्क्यांवर. चार पैसे अडकले की माणूस सभेला येतो, पावती मागतो. पण हे गावापाशीच थांबले. जिल्हा परिषदांची निवडणूक राज्यघटनेत होती, ती कधी झालीच नाही. प्रांताचा गव्हर्नर काबूलहून नेमून येई.

मला विचाराल तर मदत सरकारी तिजोरीतूनच जावी, तपासणी कडक असावी, आणि देशाचा स्वतःचा महसूल वाढेल तसा देणाऱ्याने हात आखडावा. एकदम नव्हे. ऑगस्ट 2021 मध्ये सरकार पडल्यावर मदत एका झटक्यात तोडली, तेव्हा डॉक्टर-शिक्षकांचे पगार महिनोन्महिने थकले.