छोटी छोटी कामं पुढे ढकलायची सवय कशी मोडावी?

हातासरशी उरकायला लागा. उठलाच आहात, काम पाच मिनिटांच्या आतलं आहे, तर तेव्हाच करून टाकायचं. 'नंतर बघू' म्हटलं की तेच काम वाढतं. दूध उतू गेलं तर शेगडी जरा निवताच ओल्या फडक्याने पुसून होतं. रात्रीपर्यंत ठेवलं की ते वाळून घट्ट बसतं, मग सोडा टाका, भिजवा, घासणीने खरवडा, नुसता व्याप.

पैशांच्या कामात तर चालढकल अंगाशीच येते. चेक तारखेपासून ३ महिनेच चालतो, २०१२ पर्यंत ६ महिने चालायचा. महावितरणचं बिल तारखेपासून ७ दिवसांत भरलं तर १ टक्का सूट मिळते. रक्कम किरकोळ असली तरी बिल दिसताच फोनवरून भरून मोकळं व्हावं.

मात्र अभ्यासात किंवा कामात डोकं लागलं असेल तेव्हा यासाठी मधेच उठू नका. कागदावर टिपून ठेवा, उठल्यावर एका दमात संपवा. आणि हातासरशी म्हणजे सगळं घरातल्या बाईनेच करायचं, असं अजिबात नाही. ज्याने चहा घेतला त्यानेच कप विसळावा.