चारचौघांची लाज आणि स्वतःची जबाबदारी

प्रश्न : प्राचीन ग्रीकांची नीती ‘लोक काय म्हणतील’ या भीतीवर उभी होती, असे वाचनात आले. तसे असेल तर आपल्या कृत्याची जबाबदारी स्वतःकडे घेण्याची कल्पना त्यांच्यात होती का? आणि सोफोक्लिसच्या नाटकातल्या एजॅक्स या ग्रीक वीराने वेडाच्या भरात घडलेल्या गोष्टीपायी जीव का द्यावा?

उत्तर : आपण वाचलेले मत बरेच प्रचलित आहे. ग्रीक विद्येचे अभ्यासक ई. आर. डॉड्स यांनी १९५१ साली मानववंशशास्त्रातली ‘लज्जासंस्कृती’ (जिथे लोकांच्या नजरेची भीती माणसाला आवरते) आणि ‘अपराधसंस्कृती’ (जिथे स्वतःच्या मनाची टोचणी आवरते) ही विभागणी ग्रीकांना लावली आणि ती इतकी रुळली की होमरचे वीर म्हणजे निव्वळ लोकापवादाला भिणारी माणसे, असा समज पक्का झाला. (स्वतः डॉड्स ही विभागणी सापेक्षच मानत असत, तिची भिंत केली ती नंतरच्यांनी.)

मूळ काव्य पाहिले की हा समज टिकत नाही. ट्रॉयच्या युद्धावरील होमरच्या इलियड या महाकाव्याच्या बाविसाव्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर नगराच्या वेशीबाहेर एकटा उभा आहे, तटावरून आईवडील त्याला आत येण्यासाठी विनवीत आहेत आणि समोरून ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ योद्धा अकिलीस चालून येतो आहे. त्या वेळी तो मनाशी जे बोलतो त्याचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. सैन्य रातोरात नगरात परत न्यावे, हा आपला साथीदार पॉलिडॅमस याचा सल्ला आपण धुडकावला आणि आपल्या अविचारापायी माणसे मेली, हे तो आधी कबूल करतो. ट्रॉयच्या स्त्रीपुरुषांची लाज वाटते, हे त्यानंतर. आपल्याहून हलका कोणीतरी म्हणेल की स्वतःच्या बळावर विसंबून हेक्टरने लोकांचा घात केला, ही त्याची धास्ती आहे, आणि तो आरोप खरा असल्यामुळेच त्याला झोंबतो. सहाव्या सर्गात पत्नीला उत्तर देताना त्याने लाजेची हीच ओळ शब्दशः उच्चारली होती. तेव्हा तिचा अर्थ रणातून पळ काढणार नाही एवढाच होता. मध्यंतरी त्याच्या हातून चूक घडली आहे आणि तीच ओळ आता कबुली झाली आहे.

ग्रीकांचा सरसेनापती ॲगामेम्नॉन याचा मासला वेगळा. अकिलीसकडून त्याची बंदिवान स्त्री ब्रिसेइस हिला हिरावून घेतले त्याबद्दल दोष माझा नाही, देवराज झ्यूसने, नियतीने आणि सूडदेवता एरिनीसने माझी बुद्धी भ्रष्ट केली, असे तो एकोणिसाव्या सर्गात भर सभेत सांगतो. सांगून होते न होते तोच ७ तिवया, २० हंडे, १२ घोडे, १० टॅलन्ट सोने, ७ स्त्रिया आणि खुद्द ब्रिसेइस अकिलीसकडे पोहोचती होते. बुद्धी कोणीही फिरवलेली असो, ज्याच्या हातून घडले त्यानेच भरपाई करायची, याबद्दल सभेत कोणाला शंका नव्हती. कारण, हेतू, मनाची अवस्था आणि भरपाई हे जबाबदारीचे चारही घटक होमरमध्ये आहेत, असे तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९९३ साली दाखवून दिले आणि मला ते पटते.

आता हे ‘लोक’ कोण? लहान मुलांपुढे किंवा जनावरांपुढे माणसाला लाज वाटत नाही, ज्यांच्या मताची तो कदर करतो त्यांच्यापुढे वाटते, असे ॲरिस्टॉटल वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात म्हणतो. त्याच्या आधीच डेमोक्रिटस हा तत्त्वज्ञ याहून पुढे गेला होता: कोणालाही कळणार नसले तरी वाईट करू नये, लाज स्वतःचीच धरावी. नीतिशास्त्रात मात्र ॲरिस्टॉटल लाजेला सद्गुण मानत नाही. ती तरुणांना शोभते, प्रौढाने लाज वाटावी असे काही करूच नये, असे तो म्हणतो. हेक्टरसारख्या कर्त्या माणसाची चूक आठवली की हा निकाल मला घाईचा वाटतो.

सोफोक्लिसचा एजॅक्स निव्वळ वेडाचा बळी आहे, हे अर्धेच खरे आहे. मेलेल्या अकिलीसची शस्त्रे आपल्याऐवजी ओडिसियस या दुसऱ्या ग्रीक वीराला मिळाली म्हणून रात्री सेनानायकांना कापून काढण्याचा बेत त्याचा स्वतःचा होता. अथीना देवीने भ्रम पाडला तो एवढाच की माणसांऐवजी लुटीची गुरेमेंढरे त्याच्या तलवारीखाली आली. शुद्धीवर आल्यावर त्याला बेताचा पश्चात्ताप नाही. बेत फसून हसे झाले, याची लाज आहे. बाप तेलामोन याला कोणत्या तोंडाने सामोरा जाऊ, असे तो विचारतो. त्यावर त्याच्याजवळ राहणारी बंदिवान तेक्मेसा त्याच बापाचे नाव घेऊन विनवते की म्हाताऱ्या आईबापांना टाकून जाण्याची लाज धर. लाजेला दोघेही मानतात. तिच्यापुढे काय करायचे, यावर त्यांचे एकमत होत नाही.

एजॅक्सला सर्वांत असह्य होते ती ओडिसियस आपल्याला हसत असेल ही कल्पना. प्रेक्षकांनी मात्र आरंभीच पाहिलेले असते की शत्रूला हसण्याचे अथीनाचे आमंत्रण ओडिसियसने स्वीकारले नाही, त्याला एजॅक्सची कीव आली. आणि एजॅक्सचे प्रेत उघड्यावर टाकण्याचा हुकूम निघाल्यावर ॲगामेम्नॉनकडे दफनासाठी रदबदली करतो तोही ओडिसियसच.