‘टू लो’ आलेला ब्लँक फेकू देऊ नका

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. मंगळावर किंवा गुरूच्या युरोपा या चंद्रावर मिठात जीव टिकू शकेल का हे समजून घ्यायला तुम्ही जुन्या मिठाच्या स्फटिकांतून डीएनए काढलात, सिक्वेन्सिंगमध्ये (डीएनएचा क्रम वाचण्यात) चाळीसेक प्रजाती आल्या, आणि आता लेख तपासणारा रिव्ह्यूअर विचारतोय की हे जीव मिठातलेच कशावरून, डीएनए काढायच्या किटमधले नसतील कशावरून. ब्लँक (नमुना न घालता, बाकी सगळं तसंच करून चालवलेल्या रिकाम्या नळ्या) शून्य आले म्हणून तुम्ही ते पुढे सिक्वेन्सिंगला पाठवलेच नाहीत. काही वर्षांपूर्वी अगदी असंच पत्र मला आलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नव्हती, म्हणून सविस्तर लिहितेय.

हातमोजे, यूव्ही, वेगळी पिपेट हे सगळं तुम्ही करतच असाल, त्यावर वेळ घालवत नाही.

माझी चूक सांगते. वाळलेल्या खारट सरोवरातून आणलेल्या स्फटिकांबरोबर मी एक्स्ट्रॅक्शनचे (डीएनए काढण्याचे) तीन ब्लँक चालवले होते. क्यूबिट या डीएनए मोजायच्या यंत्रावर तिन्ही ‘टू लो’, म्हणजे मोजता येणार नाही इतके कमी, आले आणि मला आनंद झाला! वहीत ‘ब्लँक स्वच्छ’ असं लिहून मी पुढे गेले. एका जीवाणूच्या पेशीत डीएनए असतो साधारण ५ फेम्टोग्रॅम, म्हणजे १ नॅनोग्रॅम डीएनए भरायला २ लाख पेशी लागतात. मापकाला काहीच दिसत नाही तिथेही हजारो पेशींचा डीएनए असू शकतो, आणि ३५ चक्रांचा पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत) तो सहज वर काढतो. हा हिशोब मला येत होता. तो मी मांडला नाही, एवढंच.

पुढचा घाव सिक्वेन्सिंग सुविधेने घातला. नाव घेत नाही. तिथल्या फॉर्मवर किमान कॉन्सन्ट्रेशनची अट होती. माझे ब्लँक त्या अटीत बसले नाहीत, म्हणून त्यांनी ते ‘क्यूसी फेल’ (गुणवत्ता तपासणीत नापास) असा शेरा मारून टाकून दिले. परत पाठवले नाहीत, विचारलंही नाही. मी फोन केला तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, रिकाम्या नळीचं सिक्वेन्सिंग करून काय मिळणार?’ मी वाद घातला नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं. दीड वर्षाने रिव्ह्यूअरचं पत्र आलं तेव्हा ना ब्लँक शिल्लक होते, ना त्या लॉटचं किट. लेख मागे घ्यावा लागला आणि सगळं काम पुन्हा करण्यात दोन वर्षं गेली. त्या सुविधेबद्दलचा राग अजून गेलेला नाही. कमी बायोमासच्या, म्हणजे मोजकेच जीव असलेल्या, नमुन्यात रिकामी नळी हाच अर्धा निकाल असतो, आणि ज्यांच्या हातून रोज शेकडो नळ्या जातात त्यांना हे कळायला हवं होतं.

दुसऱ्या फेरीत ब्लँकसकट सगळं सिक्वेन्स केलं. पहिल्या फेरीत ठळकपणे दिसलेल्या प्रजातींपैकी राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम आणि स्फिंगोमोनास या तिन्ही ब्लँकमध्ये तितक्याच ठसठशीत होत्या. पाण्यात आणि रिएजंटमध्ये (प्रयोगाच्या रसायनांत) नेहमी सापडणारी ही मंडळी. २०१४ साली सॉल्टर आणि सहकाऱ्यांनी किटमधल्या अशा जीवाणूंची यादीच छापली. पीसीआरचं एन्झाइमसुद्धा बहुतेक वेळा जीवाणूतच तयार केलेलं असतं, मग ते कोरं कुठून असणार? हॅलोरुब्रमसारखे खारट पाण्यातले आर्किया (जीवाणूंसारखे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) मात्र नमुन्यांत भरपूर होते आणि ब्लँकमध्ये जवळपास नव्हते. म्हणजे मिठात खरंच काहीतरी होतं, पण पहिल्या फेरीत ते तीन परक्या प्रजातींच्या गर्दीत दबून गेलं होतं.

आता तुमच्यासाठी. पुढचं माझं मत आहे आणि ते मिठाच्या व कोरड्या वाळवंटी मातीच्या अनुभवावर बेतलेलं आहे. बर्फाच्या गाभ्यांवर मी काम केलेलं नाही, तिथल्या लोकांचं ऐका.

सगळ्यात आधी फ्रीजर उपसा. सुविधेला आपण सहसा थोडाच भाग देतो, ब्लँकचा उरलेला एल्यूशन (किटमधून शेवटी निघालेलं द्रावण) कुठल्या तरी डब्यात असण्याची शक्यता चांगली आहे. सापडला तर नमुन्याएवढंच आकारमान आणि तेवढीच पीसीआर चक्रं वापरून पाठवा, आणि ‘कॉन्सन्ट्रेशन कितीही असो, सिक्वेन्स करावे, टाकू नये’ हे ईमेलवर लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबू नका. नाहीच सापडला तर किटचा लॉट नंबर शोधा. त्याच लॉटची एखादी बाटली शेजारच्या लॅबमध्ये पडलेली असू शकते, तिच्यातून चार-पाच ब्लँक काढा. दुसऱ्या लॉटचा ब्लँक हा पुरावा म्हणून लंगडा पडतो, कारण लॉट बदलला की जीवाणूही बदलतात.

मग १६एसचं (जीवाणू आणि आर्कियांत असणाऱ्या एका जनुकाचं) क्यूपीसीआर, म्हणजे प्रती मोजणारा पीसीआर. माझ्या मते रिव्ह्यूअरला पटवण्यात सगळ्यात जास्त वजन याचंच. नमुन्यात १६एसच्या प्रती किती आणि ब्लँकमध्ये किती, हे दोन आकडे शेजारी ठेवा. नमुना ब्लँकच्या शंभरपट असेल तर निर्धास्तपणे बोला. दोन-तीनपटच असेल तर लेखाचा दावा खाली आणा, कितीही जिवावर आलं तरी.

स्फटिक शिल्लक असतील तर थोडे तरी पुन्हा करा, आणि या वेळी पृष्ठभाग धुतलेलं शेवटचं पाणी वेगळ्या नळीत ठेवून तेही चालवा. पुढच्या वेळी फील्ड ब्लँकसुद्धा घ्या. नमुना गोळा करताना एक उघडी नळी तेवढाच वेळ त्याच हवेत धरायची आणि बंद करायची. पर्सिव्हिअरन्स रोव्हरबरोबर मंगळावर ४३ नळ्या गेल्या, त्यांतल्या ५ विटनेस ट्यूब आहेत, म्हणजे खडक न भरता फक्त आसपासचं दूषण टिपायला. मंगळावरच्या जेझेरो विवरापर्यंत न्यायच्या सामानात एकेका नळीची जागा किती मोलाची! तरी त्या मोहिमेने पाच जागा ‘रिकाम्या’ ठेवल्या. सुविधेशी माझं पुन्हा बोलणं झालं तेव्हा मी हेच उदाहरण दिलं आणि तेव्हाच माझे ब्लँक स्वीकारले गेले. तुम्हीही वापरून बघा.

एक उलटी चूकही होते. ब्लँकमध्ये दिसलेलं प्रत्येक नाव आंधळेपणाने वजा करू नका. प्लेटवर शेजारच्या वेलमधून (खळग्यातून) नमुन्याचा डीएनए ब्लँकमध्ये सांडतो, आणि मग तुमचाच खरा जीव तुम्ही हाताने खोडता. डीकॉन्टॅम हे दूषण ओळखणारं सॉफ्टवेअर पॅकेज प्रमाण बघतं: नमुन्यातला एकूण डीएनए जितका कमी, तितका बाहेरून आलेल्या प्रजातीचा वाटा मोठा होत जातो. ते चालवा, पण आलेख स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

ओघात एक गोष्ट, कारण इथे बरेच जण अडकतात. ऑटोक्लेव्हने (दाबाखालच्या वाफेने) पेशी मरतात, डीएनएचे तुकडे राहतातच. काचेची भांडी भट्टीत ४५० अंशांच्या आसपास काही तास भाजा. प्लास्टिकला ते चालत नाही, तिथे ब्लीच.

आणि शून्यावर विश्वास ठेवून फसलेल्या आपण दोघीच नाही. कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमधला जीएफएजे-१ हा जीवाणू डीएनएमध्ये फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो असा दावा २०१० साली झाला. ज्या माध्यमात तो वाढवला त्यात फॉस्फेट घातलेलं नव्हतं, पण क्षारांमधली अशुद्धी म्हणून अगदी थोडं शिरलेलं होतं, आणि त्या जीवाणूला तेवढं पुरत होतं. २०१२ मध्ये दोन गटांनी दावा खोडला, २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. अंटार्क्टिकात १९८४ साली सापडलेल्या एएलएच८४००१ या मंगळावरून आलेल्या उल्केत जीवांच्या खुणा असल्याचं १९९६ मध्ये जाहीर झालं. दोन वर्षांनी कार्बन-१४ तपासल्यावर तिच्यातला बराचसा सेंद्रिय कार्बन पृथ्वीवरचाच निघाला. जीवसृष्टीच्या दाव्यांसाठी २०२१ साली नासाच्या शास्त्रज्ञांनी जी सात पायऱ्यांची मोजपट्टी सुचवली, तिच्यात खूण दिसणं ही पहिली पायरी आणि दूषण नाही हे दाखवणं ही लगेच दुसरी. तुमचा रिव्ह्यूअर त्या दुसऱ्या पायरीवर उभा आहे. त्याच्यावर चिडू नका, मी चिडले होते आणि त्यात एक महिना फुकट गेला.

संपादकांना मुदत वाढवून मागा, कारण स्पष्ट लिहा. प्रयोग पुन्हा करतोय असं सांगितलं की बहुतेक संपादक वेळ देतात. क्यूपीसीआरचे आकडे आले की नमुना आणि ब्लँक दोन्हींचे इथे टाका, आणि प्रजातींची यादीही द्या. हॅलोरुब्रम कुठल्या नळीत किती आलंय ते मला सगळ्यात आधी बघायचंय.